आत्याबाईंची शिट्टी

प्रिय आत्याबाई,

आज सकाळी मी तुमची शिट्टी वाजवली. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी हे आधी तुम्हालाच सांगावं वाटलं. दुसऱ्या सासवांना सुना पत्रं लिहीत नसतील, पण आपलं कुठं दुसऱ्यांसारखं होतं?

आज खंडेनवमी. माझ्या लग्नानंतरची पहिली खंडेनवमी आठवते का? बदनापूरजवळचं आपलं हे शेतातलं घर मला तेव्हा नवंच होतं. तुम्ही विळे, खुरपी, कुऱ्हाड धुऊन देवघरापुढं मांडली आणि विहिरीचा दोरही पूजेला ठेवला. हळदकुंकू वाहिलं, वरून झेंडूची माळ. आज अवजारांना आराम, दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं बजावून सांगितलं. मी नवी सून, बोलणार काय? पाणी शेंदायला दोर नाही म्हणून घागर घेऊन पायऱ्यांनी विहिरीत उतरले, आणि शेवाळावरून पाय सटकून खोल पाण्यात पडले.

मोटारीचा पाइप हाती लागला म्हणून वाचले. किती ओरडले मी! पण तिकडं वस्तीवरच्या देवीपुढं भोंगा लागल्ता, माझा आवाज काठापर्यंतही जाईना. घसा बसला, बोटं सुटायला लागली. मंग वर तुमचं तोंड दिसलं आणि लगेच दिसेनासं झालं. परत आलात ते पूजेतला दोर घेऊनच. एक टोक कडुलिंबाला बांधून दुसरं खाली सोडलं. माळ तशीच गुंतलेली होती त्यात. तुमच्यासारखी सोवळ्याची बाई, आणि पूजा मोडून आली! मामंजी काठावर घुटमळले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "देवी थांबती. पोरगी थांबायची न्हाई. ओढा."

पुढच्या वर्षीपासून तुम्ही रीतच बदलली. दोर देवघरात न्यायचा नाही, कुंकवाची वाटी घेऊन आपणच विहिरीवर जायचं. शेजारपाजारच्या बायांनी नाकं मुरडली. तुम्ही बिलकुल लक्ष दिलं नाही.

दसरा झाल्यावर मला घेऊन तुम्ही जुन्या जालन्यात गेलात. काय ती खरेदी! सुताचा दोर सडतो म्हणून नायलॉनचा घेतला, आणि ओल्या हातातून तो सटकतो म्हणून घरी आल्यावर विताविताला गाठी मारल्या. बॅटरीचं बटण डोळे मिटून, ओल्या बोटानं दाबून पाहिलं. शिट्ट्यांपायी तर दुकानदार कावला होता. गोळीवाली शिट्टी तुम्ही त्याच्याच पाण्याच्या पेल्यात बुडवली. वाजवली तर नुसती फुसफुस. लांबट पितळी शिट्टी मात्र ओली असूनही कडाडली. मला गल्लीच्या टोकाला उभं केलं, ऐकू आलं तर हात वर कर म्हणालात. ऑटोंच्या गोंगाटातही मला बराबर ऐकू आलं. हात वर करताना मी लाजेनं मेले होते.

तुमच्या लेकानं कुठल्याशा प्रदर्शनातून ते यंत्र आणल्तं, रेडिओ, दिवा, घड्याळ, भोंगा सगळं एकात, त्याची तुम्ही किती थट्टा केली! पहिल्याच वादळात सेल संपले आणि चारही गोष्टी एकदम गेल्या. तेव्हापासून ते देवळीत पडून आहे. ह्यांच्यापुढं त्याचा विषय काढायचा नसतो, माहीत आहे ना?

आता रागाचं बोलू का? त्या दिवशी कापसाच्या वेचणीत तुम्ही बांधावर जाऊन बसलात. मी चार तासं, म्हणजे चारच ओळी पलीकडं होते. शिट्टी तुमच्या गळ्यात होती, आत्याबाई. वाजवली का नाही? बायांची वेचणी मोडेल म्हणून? एवढ्याशानं कशाला कुणाला उठवायचं म्हणून? घरातल्या एकेकाच्या गळ्यात तुम्ही शिट्टी बांधली, आणि स्वतःच्या वेळेला गप्प बसलात. मी वाकून पाहिलं तेव्हा तुम्ही गेल्त्या. मला फार राग आला तुमचा. अजून येतो, आणि मंग रडू येतं.

ती शिट्टी आता माझ्या गळ्यात असते. आज सकाळी विहिरीवर दोराला कुंकू लावायला गेले. नऊ दिवसांचा उपास, डोळ्यांपुढं अंधारी आली. कठड्याला टेकून बसले, हात शिट्टीकडं गेला आणि मागं आला. सणासुदीचं कशाला, आत्ता बरं वाटेल, असं मनात आलं. हे तर तुमचंच बोलणं! तेवढ्यात समजलं, बांधावर तुम्हीही असंच म्हणाल्या असाल. मंग सगळा जीव गोळा करून वाजवली.

हे अनवाणी पळत आले. शेजारची माणसंही आली. निघालं काय, नुसती चक्कर. गूळपाणी पिऊन उठले. सगळे हसले, मीही हसले.

आत्याबाई, एक शब्द देते. इथून पुढं लाज वाटायची ती मागाहून वाटू दे, शिट्टी आधी वाजवीन. तुमच्या वाटणीचीही.

तुम्ही विहिरीतून वर काढलेली,
शोभा