पास्कोलचा खड्डा

रवि., ५ जाने.
सांडोरला भाऊंच्या वाडीत महिन्याची बैठक. नेहमीचे पाच: भाऊ, वहिनी, पास्कोल, स्नेहा, मी. नियमही नेहमीचा. ज्याची पाळी त्याने तबकडी लावायची, वेष्टन पिशवीत ठेवायचं, बाकीच्यांनी डोळे मिटायचे. गाणं कसं वाटलं ते आधी, नाव नंतर. नाव आधी कळलं की माणूस गाण्याला नाही, नावाला दाद देतो. हे भाऊंचंच वाक्य, मंडळ काढलं तेव्हाचं.

आज पास्कोलची पाळी होती. माझं मत: बाई सुरेख गाते, पण तबलजी असा पळतोय की त्याला पुढच्या लग्नाची सुपारी असावी.

मशीन माझ्या दुकानातलं, म्हणून मी सुईवर एक डोळा ठेवतो. त्या डोळ्याला आज दिसलं ते असं की भाऊंचे दोन्ही डोळे उघडे. नजर तबकडीच्या मधल्या कागदावर. खुर्चीही आता मशीनला चिकटून. दिवाळीपर्यंत खिडकीपाशी असायची.

चोरून नाव वाचतात? भाऊ?

आणि पूर्वी पहिले बोलायचे. हल्ली सगळ्यांचं झालं की मग.

मंगळ., ७ जाने.
भाऊंना दोनदा फोन केला, दोन्ही वेळा कट. मग मेसेज: 'बागेत आहे. लिहून पाठव.' बागेत काय तोंडाला कुलूप असतं?

कणकवलीहून आलो तेव्हा लग्नामुंजीला भोंगे खांद्यावरून वाहायचो. आता तुळिंजला स्वतःचं दुकान, स्पीकर भाड्याने जातात, दुरुस्तीला येतात. आयुष्य आवाजावर काढलं. माणूस काय बोलतो त्याआधी कसा बोलतो ते कानात जातं. भाऊंचा आवाज बदललाय. पूर्वी शेजारच्यापुरतं बोलायचे. आता सभेत बोलल्यासारखं. मोठेपणा चढला म्हणावं, तर या वयात?

शनि., १८ जाने.
सौ.बरोबर सिनेमा. गोष्ट बरी, पण पार्श्वसंगीताने मान धरली. मुलगी बापाच्या खाटेशी बसून काहीतरी सांगते, मागे चाळीस व्हायोलिनं. काय म्हणाली ते वाजवणाऱ्यांनाच माहीत. सौ. मात्र पदर तोंडाला लावून रडत होती.
'काय म्हणाली गं ती?'
'मला काय ठाऊक! चेहऱ्यावरून कळतं की.'
हिला कुठलाही सिनेमा चालेल. आवाज बंद करून लावला तरी.

रवि., २ फेब्रु.
मन खराब झालं.

स्नेहाची पाळी होती. आचोळ्याला राहते, बँकेत नोकरी, सुटीच्या दिवशी गाण्याचा क्लास. आमच्यात सगळ्यांत लहान. आज तबकडी नाही, म्हणाली, मोबाइलवर आहे. माझ्या स्पीकरला जोडून दिलं. फक्त तंबोरा, पेटी आणि एक मुलगी. दुसऱ्या ओळीला तिने श्वास घेतला आणि मी ओळखलं: ही स्नेहाच. पण नाव नंतर.

पास्कोल चर्चच्या क्वायरला व्हायोलिन वाजवत आलाय, सहजासहजी मान हलवत नाही. म्हणाला, 'शेवटच्या कडव्यात जरा घाई आहे. बाकी पोरगी कोण आहे तिला माझ्याकडून पाच नारळ.' वहिनींनी अडकित्ता बाजूला ठेवला होता.

भाऊ शेवटी. 'गळा आहे, गाणं नाही. आणि तबल्याने सगळं झाकून टाकलंय. हे सोडून दुसरं काहीतरी करावं.'

तबला? तबला कुठे होता?

स्नेहा म्हणाली, 'भाऊ, माझंच आहे ते.' भाऊ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'असं होय. मेहनत कर.' ती हसली. हसण्याचा आवाज कोरडा होता.

येताना माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. 'काका, स्टुडिओला अजून पाच गाणी करायची होती. एप्रिल संपायच्या आत सांगायचंय. आता नाही करत. भाऊंना लागलं नाही म्हणजे नाहीच ना.'
म्हटलं, भाऊ म्हणजे काय सुप्रीम कोर्ट?
'माझ्यासाठी आहेत.'

भाऊंच्या भाचीचे गाण्याचे वर्ग आहेत. बाहेरची मुलगी पुढे गेली की पोटात दुखत असेल. नाहीतर न ऐकताच निकाल कोण देतं?

गुरु., १३ फेब्रु.
भंगारवाल्याकडे जुन्या तबकड्यांचा गठ्ठा आला होता. उलटसुलट केला तर हाताला काय लागावं! भाऊंच्या लग्नात वाजलेलं ते भावगीत, खाडीकाठी वाट बघणाऱ्या बाईचं. माझ्या मते त्या काळात एवढं साधं आणि एवढं खोल दुसरं झालं नाही. भाऊंची प्रत माझ्याकडेच पडून आहे, साफ करायला दिलेली. पण तिचा आजार साफ होणारा नाही. फार पूर्वी बैठकीत पास्कोलचा कोपर सुईवर पडला आणि दुसऱ्या कडव्यात ओरखडा गेला. सुई तिथे आली की अडकते, तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा. भाऊ हात पुढे करून बोटाने सुई ढकलतात आणि म्हणतात, 'पास्कोल, तुझा खड्डा आला.' दर वेळी. दर वेळी आम्ही हसतो.

भंगारातली प्रत मात्र कोरी करकरीत. कागद तोच, रंग तोच.

कुणाला सांगणार नाही. पुढच्या पाळीला हीच लावतो. भाऊ ऐकतात की नुसता कागद वाचतात, ते एकदा कळू दे.

रवि., २ मार्च
लावली.

भाऊंनी कागद बघितला, खूश झाले, डोळे मिटले. मांडीवर बोटाने ताल, अचूक. पहिलं कडवं. दुसरं. खड्ड्याची जागा आली आणि गाणं लोण्यासारखं पुढे गेलं. भाऊंचा हात उठला.
'पास्कोल, तुझा खड्डा आला.'
मी मनगट धरलं. 'राहू द्या भाऊ, मी करतो.' सुईजवळ नुसतं बोट नेलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या ओळीला पुन्हा ताल धरला. तालही चुकला नाही.

पास्कोल हसला, त्याला वाटलं चेष्टा. स्नेहा तर आलीच नव्हती. निघताना फाटकापाशी पास्कोलला सांगितलं की तबकडी दुसरी होती. तो नाचायचाच बाकी: 'म्हणजे माझं पाप फिटलं!'

मला हसू येईना. भाऊ ऐकत नव्हते. आठवत होते.

मंगळ., ४ मार्च
केळी बघायच्या निमित्ताने वाडीत गेलो. भाऊ पाठमोरे, पाटाचं पाणी वळवत होते. हाक मारली. मग मोठ्याने. मग माझ्या धंद्याच्या आवाजात, ज्याने मांडव जागा होतो. कावळे उडाले. भाऊ वाकलेले ते वाकलेलेच.

मागे वहिनी उभ्या. हातात मोगऱ्याची परडी.
'पुरे, भाऊजी. शेजारी येतील.'
'कधीपासून?'
'मला कुठे सांगितलंय? त्यांना वाटतं मलाही ठाऊक नाही. कानाचं मशीन आणलेलं कपाटात दिसलं. एक दिवस लावून गाणं ऐकलं असणार, कर्कश लागलं असणार. मग परत डबीत.'
'आणि तुम्ही काही बोलला नाहीत?'
'काय बोलू? रविवारी तुम्ही सगळे येता म्हणून ते शनिवारी दाढी करतात.'

भाऊ वळले, मला बघून हात हलवला. 'अरे दत्ता! हाक तरी मारायची!'

शुक्र., ७ मार्च
म्हणजे तंबोऱ्यात तबला कुठून आला ते कळलं. मोबाइलला मधला कागद नसतो. बघायला काही नव्हतं, मग आंधळा दगड मारला. लागला पोरीला.

भाचीबद्दल मनात आणलं होतं ते परत घेतो. पण राग गेला असं नाही. ऐकू येत नाही हे लपवलं, समजतो. मत कशाला दिलं? 'आज नको' म्हणता आलं असतं.

स्नेहाला सांगावं तर भाऊंची अब्रू जाते. न सांगावं तर तिचं गाणं जातं.

बुध., १९ मार्च
स्नेहा दुकानात आली, मी दिलेली कादंबरी परत करायला. तिचं मत: 'सगळी पात्रं एकाच माणसासारखी बोलतात, काका. लेखकाने घराबाहेर पडायला पाहिजे.' बरोबर आहे. मला वाचताना हेच खटकत होतं, शब्द सापडत नव्हते. कान आहे पोरीला.

गाण्याचं विचारलं. 'सोडा ना.' एप्रिलला शेवटची येईन म्हणाली, वहिनींना भेटायला.

जिभेवर आलं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक नसतं आलं तरी बोललो असतो का, शंका आहे.

शनि., ५ एप्रिल
वहिनींनी आपली पाळी मला दिली. ठरवलं: उद्या भाऊंचीच जुनी प्रत न्यायची, ओरखड्याची. म्हणजे भाऊंचा हात उठेल तेव्हा खड्डा खरोखर असेल. निदान एवढं तरी त्यांचं बरोबर येऊ दे. स्नेहाचं नंतर एकट्याने भाऊंशीच बोलायचं. लिहून.

सौ. म्हणाली, 'तबकडी पुसताय की देव?'

रवि., ६ एप्रिल
सगळे होते. स्नेहा दाराजवळ बसली, पर्स मांडीवर. उकाडा. वहिनींनी कोकम सरबत फिरवलं.

तबकडी लावली. भाऊंनी कागद बघितला, माझ्याकडे बघून हसले, डोळे मिटले. पहिलं कडवं. दुसरं. खड्डा आला. सुई अडकली. तेच दोन शब्द. पुन्हा तेच. पुन्हा.

मी भाऊंच्या हाताकडे बघत होतो. हात उठला नाही. बोट मांडीवर ताल देत पुढे चाललं होतं, तिसऱ्या कडव्यात, जिथे ती बाई होडीला हाक घालते तिथे मानसुद्धा हलली. मशीनमध्ये ती अजून दुसऱ्याच कडव्यात अडकलेली.

पास्कोलकडे बघितलं. त्याचा चेहरा पडलेला. त्याने मोबाइल काढून मेसेज दाखवला: यानेच आनंदाच्या भरात भाऊंना मेसेज केला होता, दत्ताने कोरी प्रत आणली, माझा खड्डा बुजला.

सुई ढकलायला मी हात पुढे केला. स्नेहा उठून केव्हा जवळ आली होती कोण जाणे. तिने माझा हात धरला. ती भाऊंच्या बोटाकडे बघत होती, मग मशीनकडे, मग पुन्हा बोटाकडे. ओठ हलले, आवाज नाही. 'तबला,' म्हणाली असावी.

भाऊंचं गाणं संपलं. डोळे उघडले. 'वा! काय स्वच्छ वाजते रे, दत्ता! पास्कोल, बुजला तुझा खड्डा.'

दोन शब्द चालूच होते.

'बुजला, भाऊ,' पास्कोल म्हणाला. वहिनी सुपारी कातरत राहिल्या.

स्नेहा भाऊंच्या समोर जाऊन खाली बसली, त्यांना तोंड नीट दिसेल अशी. प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली, 'भाऊ, माझं गाणं तुम्हाला पुन्हा ऐकवू?'

भाऊंनी तिच्याकडे बघितलं. मग आमच्या एकेकाच्या चेहऱ्याकडे. मग हात लांब करून मशीनच्या लाकडावर तळवा ठेवला. लाकूड थरथरत होतं, सुई प्रत्येक फेऱ्याला तिथेच आपटत होती. तळवा तिथेच राहिला.

'दत्ता,' म्हणाले. हळू. पूर्वी बोलायचे तसं, शेजारच्यापुरतं.

खड्डा त्यांच्या हाताला कळला होता. मी सुई उचलली नाही.