दीडशेचा दिवा की अडीचशेचा?

प्रिय अहो,

मायन्यापाशीच अडले बघा. चौतीस वर्षांच्या संसारात तुमचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. शाळेत पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, मायन्यात माणसाचं नाव असायलाच हवं, नाहीतर पत्र कुणाचं हे कसं कळणार? तुम्हाला कळेल. या घरात ‘अहो’ म्हटल्यावर काचेच्या टाकीमागून डोकं वर काढणारा माणूस एकच होता.

आज लिहायला बसले, कारण दुपारी रफीकभाई येऊन गेले. तुमचे ते पनवेल बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचे मित्र. चपला बाहेर काढल्या, पाणीसुद्धा न घेता थेट टाकीसमोर जाऊन उभे राहिले, डोळे बारीक करून वर दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाभी, बल्ब संपला हा. जळतोय, पण संपला. माझा मेव्हणा रविवारी दुबईवरून निघतोय. शुक्रवारपर्यंत बोला, दीडशे वॉटचा मागवू का अडीचशेचा? आणि रंग कुठला?"

मला विचारतात! फ्यूज गेला तर शेजारची बेल वाजवणारीला!

अहो, तुम्ही गॅसच्या नळीवर ती बदलायची तारीख लिहून ठेवलीत. मिक्सरच्या वायरीवर ‘ओल्या हाताने धरू नये’ अशी पट्टी चिकटवलीत. आणि हॉलमध्ये हा अख्खा समुद्र मांडून ठेवलात, त्याच्याबद्दल एक ओळ नाही? एक चिठ्ठी नाही? सगळं आपल्या डोक्यात ठेवून, सकाळचा चहा अर्धा टाकून निघून गेलात. असं कुणी जातं का?

तीन महिने झाले, मी चिडलेलीच आहे. टाकीतली जवळजवळ सगळी कोरलं पांढरी पडली आहेत. आणि येईल त्याला मी एकच सांगते, "ह्यांनी हट्टानं अडीचशेचा दिवा घरात टांगला, त्यानंच टाकीतल्या बिचाऱ्यांना मारलं."

मला एक कबुली द्यायची आहे. शाळेत दर शनिवारी कॅथलिक मुली कबुली द्यायला चॅपेलमध्ये जायच्या आणि आम्ही बाकीच्या त्यांची दप्तरं सांभाळत व्हरांड्यात बसायचो. बाहेर येताना त्यांचे चेहरे कसे हलके झालेले असायचे! मला हेवा वाटायचा. आज माझी पाळी आहे. पण थांबा, आधी मला मनसोक्त रागावू द्या.

खांदा कॉलनीतला हा फ्लॅट घेताना मी एकच गोष्ट मागितली होती, आठवतं? हॉलच्या छताला झोपाळ्याच्या कड्या. कड्या आल्या, झोपाळा आला नाही. बोटीवरच्या नोकरीतून तुम्ही निवृत्त होऊन घरी आलात आणि माझ्या कड्यांखाली तीन फुटांची काचेची टाकी आली. मी म्हटलं, ठीक आहे, सोनेरी मासे ठेवतील. तर तुम्ही मुंबईहून डब्यातून दगड घेऊन आलात!

"हे दगड नाहीत, नलू. जिवंत आहेत. पोवळं माहीत आहे ना?"

"अंगठीतलं?"

"तेच. हे त्याचे चुलत भाऊ."

तुमच्या त्या चुलत भावांना तुम्ही नावंसुद्धा ठेवलीत. बटणांसारखा तो झुबका म्हणजे ‘काजघर’. सतत मुठी उघडमीट करणारी ती ‘बाळं’. आणि ती मोठी, छत्रीसारखी, जरा हात लागला की चार-चार दिवस अंग आखडून रुसून बसणारी, तिला तुम्ही चक्क तुमच्या बहिणीवरून ‘ताई’ म्हणायचात. वन्सं शिरढोणहून आल्या की मला हसू आवरायचं नाही आणि तुम्ही साळसूदपणे टाकीची काच पुसत राहायचात.

सुरुवातीला चार ट्यूबलाइट होत्या. मला तेवढ्याच पुरे वाटत. पण कोरलं उजेडाकडे माना लांब करत सुकत चालली आणि तुमच्या तोंडी ते दोन शब्द आले, मेटल हॅलाइड. सकाळी मेटल हॅलाइड, जेवताना मेटल हॅलाइड. आपली लेक मेधा पुण्याहून फोन करायची, तर माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन तिलाही, "अगं, क्रिकेटच्या मैदानावर असतात ना, ते दिवे!" आपल्या हॉलमध्ये कोण क्रिकेट खेळणार होतं?

पहिला बल्ब तुम्ही रफीकभाईंकडूनच आणलात. झोपाळ्याच्या माझ्या कडीला साखळीनं टांगलात. भिंतीवर तो वजनदार चोक गुणगुणू लागला, आणि हळूहळू पिवळट उजेड पसरला तो थेट स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत. महिन्याभरात टाकीच्या काचा शेवाळानं हिरव्या झाल्या. रफीकभाई बघायला आले आणि कपाळाला हात लावला, "तौबा साहेब! मी समजलो, अंगणात लावायचाय. ही बत्ती गोदामाची हाय. द्रोणागिरीच्या यार्डात कंटेनर मोजायला ठीक. समुद्राचा उजेड असा नसतो, साहेब, समुद्राचा उजेड निळा पाहिजे."

मग दुबईहून दुसरा आला. दहा हजारवाला. म्हणजे दिव्याचा रंग मोजतात त्या मापानं दहा हजार, हे मला तुम्ही अकरा वेळा समजावलंत. आकडा वाढला की उजेड निळा होत जातो. साडेसहा हजारवाला म्हणजे भर दुपारचं ऊन, आणि दहा हजारवाला म्हणजे तेच ऊन, वीस हात पाण्याखाली उतरलेलं. खरं सांगते, तो पहिल्यांदा पेटला तेव्हा मी पोळी तव्यावर टाकून बाहेर आले. तळाच्या वाळूवर उजेडाच्या लाटा सरकत होत्या. तुमच्या तोंडावरही. पोळी करपली. तेव्हा मी काही बोलले नाही, आज बोलते: सुंदर होतं.

पण अडीचशे वॉट कशाला? रफीकभाई सांगत होते, तीन फुटांना दीडशे पुष्कळ झाले. मी सांगत होते, हॉलमध्ये भट्टी होईल. तुम्ही म्हणालात, "करायचंच तर मनासारखं." आणि झाली भट्टी! एप्रिल-मे महिन्यात पाहुण्यांना मी आतल्या खोलीत बसवत होते. पाणी तापू नये म्हणून तुम्ही टाकीवर छोटा पंखा लावलात. टाकीला पंखा, आणि मी पदरानं वारा घेते!

वीज गेली की आणखी एक तऱ्हा. आली तरी तो बल्ब लगेच पेटायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं थंड व्हायला लागायची. मी म्हणायचे, अगदी मालकावर गेलाय. भांडणानंतर तुम्हीही तितकीच मिनिटं घ्यायचात.

आपलं सगळ्यात मोठं भांडण मात्र सात वाजताचं होतं. तुम्ही टायमर लावलेला. बरोबर सात वाजता ‘टक्’ आणि हॉल काळोखा. नेमकी दिवेलागण! मी देवापाशी निरांजन लावते आहे आणि घराचा मालक दिवा मालवतो आहे. आईनं शिकवलं होतं की तिन्हीसांजेला उजेड घालवू नये. तुम्ही हसायचात.

"अगं, त्यांना संध्याकाळ लागते. समुद्रात सूर्य ओव्हरटाइम करतो का?"

"अर्धा तास उशिरा बंद करा की!"

"आठ तास म्हणजे आठ तास. उपाशी ठेवलं तर जगतील एक वेळ, पण झोप नाही मिळाली तर मरतील."

हे वाक्य तुम्ही म्हणाला होतात. मी ऐकलं होतं. इथून माझी कबुली सुरू होते.

तुम्ही गेलात त्या दिवशी वन्संनी सगळं हातात घेतलं. तुमच्या खुर्चीच्या जागी, टाकीच्या अगदी शेजारी, पिठावर पणती ठेवली. म्हणाल्या, "नलू, तेरा दिवस हा विझता कामा नये. भाऊच्या वाटेवरचा उजेड आहे." मी मान हलवली. त्या दिवशी कुणीही काहीही म्हटलं असतं तरी मी मान हलवली असती. वाऱ्यानं वात फडफडत होती, म्हणून मी उठून टाकीवरचा तुमचा पंखा बंद केला.

आणि सात वाजता, ‘टक्’.

हॉल एकदम काळा झाला. वन्सं किंचाळल्याच, "अगं बाई, भाऊचा दिवा गेला!" पणती तर जळत होती. पण माझ्याही काळजात तसंच झालं हो. दिवसातून दुसऱ्यांदा तुम्ही गेलात असं वाटलं. मी उठले, टायमरमधून प्लग उपटला आणि सरळ भिंतीत खुपसला. पंधरा मिनिटं अंधारात उभी राहिले. मग तुमचा निळा उजेड हळूहळू परत आला, आणि त्या अख्ख्या दिवसात मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

तेरा दिवस तो विझू दिला नाही. तेरा दिवस आणि तेरा रात्री. भेटायला येणारे म्हणायचे, "किती छान, त्यांचा दिवा तेवत ठेवलात." मला बरं वाटायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी बाळांनी मुठी मिटल्या. ताई आखडून बसली. मला वाटलं, त्यांनाही कळलंय! वन्संना दाखवलं, तर त्यांनीही डोळ्यांना पदर लावला. आम्ही दोघी त्या टाकीसमोर हात जोडून बसलो होतो, अहो, आणि आत ती बिचारी तापत होती. उजेडात डोळे मिटायला त्यांना पापण्या कुठल्या?

चौदाव्या दिवशी प्लग परत टायमरमध्ये घातला, पंखा लावला. तोवर काजघर पांढरं झालं होतं. बाळं तर विरघळूनच गेली. आणि मी काय केलं? तुमच्यावर ढकललं. तुमच्या अडीचशेवर. तुम्ही उलट उत्तर द्यायला नव्हतात ना!

आज रफीकभाईंनाही तेच ऐकवलं. ते ऐकत होते, पण बघत होते बल्बकडे. मग हळूच विचारलं, "भाभी, बुरा मत मानो. किती तास जळत होती ही? वर्षाचा बल्ब असा काळा नाय पडत."

मग मी सांगितलं. सगळं. पणती, पंखा, टायमर. ते वाकून टायमरमधला प्लग तपासू लागले. मी म्हटलं, "बोला ना, मी मारली त्यांना."

"तुमी साहेबांचा चिराग जपला, भाभी. पाण्यातल्यांचा विचार राहिला, एवढंच." मग काचेला नाक लावून म्हणाले, "आणि सगळी नाय मेली. ही छत्रीवाली बघा. फिकी हाय, पण ताठ हाय. कमी उजेडात हिला हळूहळू रंग चढेल. पण आता चूक केली तर ही पण जाईल."

म्हणजे ताई! अख्ख्या टाकीत तगली ती रुसकी ताईच!

मी विचारलं, "मग दीडशेचा मागवायचा का? ह्यांना पटलं नसतं."

यावर रफीकभाई खाली बघून हसले. "साहेब स्वतःच बोलले होते मला, दिवाळीच्या आगे. ‘पुढल्या टायमाला दीडशेचा आण, चोकपण बदलू. भाभीला हॉलमध्ये उकडतं. पण आत्ताच सांगू नको, जिंकल्यासारखं वाटेल तिला.’"

अहो! दिवाळीपासून? दिवाळीपासून तुम्हाला माहीत होतं की मी बरोबर आहे? आणि अख्खा उन्हाळा मला पदरानं वारा घालून घ्यायला लावलात! एकदा म्हणाला असतात, "नलू, तुझं खरं," तर काय टाकीतलं पाणी आटणार होतं? मी जिंकले, आणि ते सांगायला तुम्ही रफीकभाईंना ठेवलंत. आता या जिंकण्याचं मी करू काय?

चिडून चिडून दमले. चहा केला, सवयीनं दोन कप. एक रफीकभाईंनी घेतला, बरं झालं.

तर ठरलं. शुक्रवारची वाट कशाला, मी त्यांना तिथेच सांगून टाकलं. दीडशेचा, दहा हजारवाला. साडेसहा हजारात रंग खुलतात म्हणतात, खुलू देत. मला ते वीस हात पाण्याखालचंच ऊन हवं. नवा बल्ब एकदम झेपणार नाही, म्हणून साखळी चार कड्या वर घ्यायची, पहिला आठवडा रोज तीनच तास, मग थोडे थोडे वाढवत न्यायचे. रफीकभाईंनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. चिठ्ठी टाकीच्या काचेवर चिकटवली आहे, तुमच्या मिक्सरच्या पट्टीसारखी. मी उद्या अर्धा चहा टाकून उठले, तर मेधाला शोधत बसावं लागू नये.

वन्संनाही सांगेन, जे घडलं ते सगळं. रुसतील चार दिवस. मग उघडतील.

आता सात वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. निरांजनात वात घालून ठेवली आहे. माझा शब्द घ्या: यापुढे टायमरमधून प्लग मी उपटणार नाही. रोज सात वाजता देवापाशी दिवा लावीन आणि तुमचा मालवू देईन. अंधार होईल तेव्हा दचकणार नाही. टाकीशेजारी तुमच्या खुर्चीत बसेन, ताईला झोप लागेपर्यंत.

टक् झालं बघा.

तुमची,
नलू