वावरात विटाळ नाही

रामाकोना,
सोमवार, १० ऑगस्ट २०२०

प्रिय उर्वशी,

तुला, कुलदीपला आणि चिमुकल्या तृप्तीला खूप खूप आशीर्वाद. राखी मिळाली, पण सण उलटून गेल्यावर. पोस्टमन म्हणाला, "आता चिठ्ठ्या बी क्वारंटाइन होऊन राहिल्या, भाऊ." त्यात तू नेहमीप्रमाणे ती घरी न पाठवता भगवंतराव मास्तरांच्या पत्त्यावर सौंसरला पाठवलीस. मास्तरांनी ती दोन दिवस उन्हात वाळवली, मग दिली. या वयात त्यांना साथीची भीती नाही, पण शिस्त मोडायची भीती आहे.

इकडे सगळे बरे आहेत. संत्र्याचा आंबिया बहार झाडावर टिकला आहे, कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागली आहे. गोरी गाय व्यायली. तुमच्या भोपाळचं काय चाललंय ते बातम्यांत बघतो आणि काळजी करतो.

फोनवर आईचं नाव निघालं की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र लिहायला बसलो. घाबरू नको, आईबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. मला तुला आमच्या रसोड्याची, वाटसरूंसाठी मांडलेल्या चुलीची, हकीकत सांगायची आहे. तुझी सासू तुला फोनवर बरंच सांगत असेल, पण सगळं सांगितलेलं नाही हे मला ठाऊक आहे. का नाही, ते पुढे येईल.

आमचं समाजवादी मंडळ तुला माहीतच आहे, तुझं आणि कुलदीपचं लग्न त्याच्याच वाचनालयात ठरलं. सभासद पाच आणि मतं सात. वर्षातून दोन पत्रकं काढायची, एक मोर्चा न्यायचा, आणि मोर्च्यात पोलीस जास्त म्हणून लोकांनी हसायचं. एप्रिलात मात्र हसायला कोणी उरलं नाही. टाळेबंदीत कामं सुटून नागपूरकडून माणसं पायी निघाली होती. छिंदवाडा, अमरवाडा, त्याच्याही पुढे. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, पायांत चपलांचे नुसते पट्टे. मास्तरांनी सौंसरच्या धर्मशाळेत खिचडीची चूल पेटवली. पांढुर्ण्याहून विजयाताई भाजीचा टेम्पो घेऊन येऊ लागल्या. त्या अंगणवाडीच्या ताई, पण टेम्पोवाल्याला अशा हाकलतात की बैलाला हेवा वाटावा. नियम तीनच होते. देणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, खाणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, आणि रांधणाऱ्यांनी खाणाऱ्यांच्याच पंगतीत, अंतर राखून, जेवायचं.

आठवड्यात धर्मशाळा बंद झाली. गर्दी होते, गावाबाहेर मोकळ्या जागेत करा, असं तहसीलदार साहेबांनी सांगितलं. चुकीचं नव्हतं त्यांचं. आता रस्त्याला लागून, मोकळं, विहिरीचं पाणी असलेलं वावर कोणाचं? आपलं. आणि बाबांच्या मागे ते कोणाच्या नावावर?

मी विचारायला गेलो आणि मार खाल्ल्यासारखा परत आलो. "ज्या मंडळानं माही पोरगी नेली, त्याले मी वावरात पाय ठेवू देऊ?" एवढंच बोलली आणि तांदूळ निवडत बसली.

त्याच दुपारी एक बाई फाटकाशी आली, पाठीला लेकरू बांधलेलं. पाणी मागितलं. आईने आपल्या रीतीप्रमाणे वरून ओतलं. बाई ओंजळीने प्यायली आणि म्हणाली, "माई, छिंदवाड़ा कितना दूर?" ती बाई दिसेनाशी होईपर्यंत आई फाटकाशी उभी राहिली. दिवेलागणीला मला म्हणाली, "खिचडी वाटेत नासते. रोडगे बांधून देता येतात."

हा होकार होता हे मला सकाळी कळलं. गव्हाचं पोतं गिरणीत निघालं होतं आणि ती मागून ओरडून सांगत होती की जाडसर दळा.

पाहिलंस, आईबद्दल लिहिणार नाही म्हणालो होतो. पण वावर तिचं, गहू तिचा, मी तरी काय करू.

आईने वावर का दिलं याचं कारण तुला आठवेल. गहू निघाला की बाबा विहिरीजवळ गोवऱ्यांचा जगरा लावायचे, त्यात कणकेचे रोडगे भाजायचे, आणि टोलीतले, गावाबाहेरच्या वस्तीतले, सगळे मजूर आपल्याच पंगतीला बसायचे, आईच्या शेजारी. तीच माणसं घरी आली की ओसरीच्या खाली. लहानपणी तू विचारलं होतंस की वावरात एक पंगत आणि घरी तीन का. आई म्हणाली होती, "वावरातल्या रोडग्याले इटाळ नाही." तिचा कायदा तो. मी फक्त त्या कायद्याच्या आडोशाने अख्खं मंडळ आत घुसवलं.

आपल्या गोवऱ्या चार दिवसांत संपल्या. पाचव्या दिवशी टोलीतून बायका आल्या, डोक्यावर टोपल्या, आणि सगळ्यांत पुढे गुणवंताबाई, तुझी सासू. आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "गोवऱ्या तिकडं ठेवा, सावलीत." गुणवंताबाईंनी त्या मुद्दाम उन्हात ठेवल्या. पण मग मास्तरांनी सगळ्यांना कामं वाटली, आणि दोघींच्या वाट्याला वांग्याच्या भाजीचं एकच गंज, एकच पातेलं, आलं. मास्तर म्हणतात योगायोग. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो.

एवढी भांडणं मी आयुष्यात ऐकली नाहीत. मीठ कोणी टाकायचं, जाळ किती, वांगं देठासकट की देठाशिवाय. वाटसरू जेवता जेवता हसायचे. मध्येच एक पुढारी गहू घेऊन आले, बरोबर स्वतःचा हसरा चेहरा छापलेला केवढा तरी फ्लेक्स. गहू हवा तर फ्लेक्स लावा. मास्तर नियम समजावून सांगू लागले. आईने मास्तरांना थांबवलं आणि म्हणाली, "आणा इकडं. अवकाळी येऊन राहिला, गोवऱ्या झाकाले कामी येते." दोघींनी मिळून तो पालथा घातला, चेहरा खाली. पुढारी लाजेकाजेस्तव गहू ठेवून गेले. त्या दिवशी दोघी पहिल्यांदा एकाच गोष्टीला हसल्या.

आता ते सांगतो, जे गुणवंताबाईंनी तुला सांगितलेलं नाही.

मे महिना होता, रस्त्यावरची गर्दी अजून ओसरली नव्हती. गुणवंताबाई वांग्यात जवसाचं कूट टाकायला निघाल्या. आईला तीळच हवे. हात धरण्यापर्यंत पाळी आली आणि आई कडाडली, "विहीणबाई, जवस तुमच्या घरी टाका!"

विजयाताईंचा वाढायचा डाव हवेतच राहिला. जगऱ्याजवळ बसलेल्या माझ्या हातातला रोडगा राखेत पडला. तुझ्या लग्नाला सात वर्षं झाली, त्यात आईने त्या बाईला कधी नावानेही हाक मारली नव्हती. तोंडातून शब्द गेला हे तिलाही कळलं.

गुणवंताबाईंनी कुटाचं भांडं खाली ठेवलं, पदर नीट केला. "म्हटलंच हाय विहीण," त्या म्हणाल्या, "तं मान बी द्या."

"वावरात कायचा मान?"

"वावरात इटाळ नाही म्हनता न? मंग मानालेच काय धाड भरली?"

आई उठली आणि विहिरीकडे गेली. मला वाटलं, संपलं, आता रसोडाही जाणार आणि तुझं नाव तर कायमचं. ती परत आली ती बाबांची घोंगडी घेऊन. विहिरीजवळच्या खोपीत ठेवलेली असते ती. तिची चौघडी घातली, पंगतीच्या पहिल्या जागी अंथरली आणि म्हणाली, "बसा." पहिला रोडगा गुणवंताबाईंच्या पत्रावळीवर पडला, त्यावर तुपाची धार आईच्या हातची. मग आई शेजारी बसली. भाजीत जवस पडला होता. तिने दोनदा मागून घेतली.

मी जगऱ्यावर वाकून डोळे पुसले, राखेचं निमित्त होतंच.

मी लगेच तुला फोन करणार होतो. गुणवंताबाईंनी अडवलं. म्हणाल्या, "सुनेले मी बी नाही सांगणार. ते काम तिच्या मायचं, अंबाबाईचं हाय. ती सांगन तवाच सांगायचं." म्हणून हे तीन महिने आम्ही सगळे तोंड शिवून बसलो होतो.

त्यानंतर काय काय झालं म्हणून सांगू. रस्ता ओसरला तरी पंगत मोडली नाही. ज्या बायका रोडगे थापायला यायच्या, त्याच विजयाताईंबरोबर रोजगार हमीचं काम मागायला जनपद पंचायतीच्या कार्यालयावर गेल्या आणि काम मिळेपर्यंत पायरीवरून उठल्या नाहीत. टोलीच्या बंद पडलेल्या हातपंपाला पाणी आलं. मास्तरांची बैठक आता वाचनालयात मावत नाही. लोक आम्हाला हसत नाहीत, खुर्च्या आणून देतात. आणि आई सगळ्यांना बजावते, "मी तुमची समाजवादी-बिमाजवादी नाही." मास्तर म्हणतात, "अंबाबाई, आम्ही चाळीस वर्षं पुस्तकं वाचली, तुम्ही नका वाचू, बस्स."

काल नऊ ऑगस्ट, क्रांतिदिन. वावरात मंडळाची पंगत ठरली होती, मास्क लावून, अंतर ठेवून. सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि वावरात पोटरीपर्यंत चिखल. मास्तर म्हणाले, रद्द करू. पण माणसं यायला लागली होती. टोलीतले सगळे आपल्या फाटकाबाहेर, पावसात, पोती पांघरून उभे. फाटकाच्या आत यायचं कोणाच्या मनातही नव्हतं, इतकी जुनी सवय.

आई दारात आली. बघत राहिली. मग म्हणाली, "अंगणात पेटवा."

कोणी हललं नाही. मास्तरसुद्धा नाही.

"आयकू येत नाही काय? जिथं रोडगे भाजले ते वावर. टिनाच्या छपराखाली जगरा लावा, मुकाट्यानं."

पुढाऱ्याच्या फ्लेक्सखाली गोवऱ्या कोरड्या होत्या. मी जगरा पेटवला. फाटक उघडलं ते गुणवंताबाईंनी, आणि आपल्या अंगणात, तुळशीपासून गोठ्यापर्यंत, एकच पंगत बसली. मास्तर भाषणाला उभे राहिले आणि चष्मा पुसत पुन्हा पंगतीत बसले. मग विजयाताईंनी घोषणा दिली आणि सगळ्यांनी अशी उचलून धरली की गोरीचं वासरू दावं तोडून पळालं. आपण जिंकलो, उर्वशी. मला दुसरा शब्द सुचत नाही.

आज सकाळी आईने अंगण सारवलं, पण टिनाखालची जगऱ्याची जागा तशीच सोडली, राखेसकट. मी झाडायला फडं घेऊन गेलो तर ओरडली, "हात लावू नको तिले."

मी विचारलं, "काहून?"

तिने माळ्यावरून तुझा लहानपणीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढला, खोबरेल तेल लावून पुसला आणि ओसरीवर ठेवला. मग हा कागद आणि पेन माझ्यापुढे आणून ठेवलं. होय, हे पत्र तिने लिहायला सांगितलं आहे. ती खांबाला टेकून बसली आहे आणि मी इतकं काय लिहितोय म्हणून वैतागली आहे. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देतो, म्हणजे त्यात माझी भेसळ नको:

"लिही तिले. पोरीले घेऊन पोळ्याले ये म्हना, जावयालेही आन म्हना. राख मी मोडली नाही. राख हाय तवर अंगण वावरच हाय. घरातलं मंग पाहू."

फाटक उघडं ठेवून वाट बघणारा,
तुझा दादा,
हेमराज

ता. क. पत्र बंद करत होतो तेवढ्यात आई पुन्हा आली. म्हणाली, "लिही, घरात बी जगरा लावता येते."