दोष लॉकमध्येच आहे

३ मार्च, रविवार

थोरली मेहुणी आणि साडू येऊन गेले. कारने आले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण कार आहे हे लोकांना कळायला नको?

साडूंनी आमच्या बेसिनचा गळका नळ, कोणी सांगितलेलं नसताना, दुरुस्त केला. चपलांच्या कपाटावर खिसे रिकामे केले, बाह्या सरसावल्या आणि चहा उकळेपर्यंत नळ बंद. भाऊजींच्या हाताला गुण आहे, असं ही म्हणाली. नळ मीच करणार होतो. वर्षभर मनात होतं.

उद्यापासून हिची दातांच्या दवाखान्यात नोकरी. मी रोज स्कूटरवरून सोडणार, असं सर्वांसमक्ष जाहीर केलं. दवाखाना माझ्या वाटेवरच आहे, मीच सोडतो, असं साडू म्हणाले. आम्ही काय मेलो आहोत का? (मनात.)

४ मार्च, सोमवार

स्कूटरचं इग्निशन लॉक बिघडलं. किल्ली आत जाते, फिरत नाही. तेल घातलं, फुंकर मारली, गोड बोललो. दुसरी किल्ली लावून बघा, असं हिने सुचवलं. मला हसू आलं. दोष लॉकमध्ये असताना किल्ली बदलून काय होणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तंत्रातलं सगळ्यांनाच कळतं असं नाही.

तेवढ्यात हिने साडूंना फोन केलासुद्धा. आले लगेच, जणू कोपऱ्यावर टपूनच बसले होते. ही मागे बसली आणि भुर्रकन गेली.

त्यांची स्कूटर आमच्यासारखीच. रंगही तोच. तो योगायोग आहे, त्यांनी वर्षभर आधी घेतली एवढंच. किल्लीला लावलेला पितळी मासा मात्र योगायोग नाही. दोन्ही जावयांना सगळं सारखं द्यायचं असा सासूबाईंचा नेम आहे. शर्ट सारखे, छत्र्या सारख्या, मासेही सारखे. कौतुक तेवढं एकालाच.

५ मार्च, मंगळवार

निर्णय पक्का. लॉक घरीच बदलायचं. मेकॅनिककडे नेलं तर गल्लीभर होतं, आणि साडू ‘मला का नाही सांगितलं’ म्हणणार. नवा लॉकसेट आणला. व्हिडिओ पाहिला. अगदी किरकोळ काम आहे. गुरुवारपासून हिला मीच सोडणार.

भाऊजींच्या मागे बसलं की पोटातलं पाणी हलत नाही, असं जेवताना ही म्हणाली. मी पाणी प्यायलो.

६ मार्च, बुधवार

पुढचं पॅनल काढलं. दोन क्लिपा तुटल्या. कंपनीने जास्तीच्याच दिल्या असणार.

ही उशिरा आली. कोपर खरचटलेलं. विचारलं तर काही नाही म्हणाली आणि स्वतःशीच हसली. साडू खाली गेटपाशी उभे. तेही हसत होते. हसण्यासारखं त्या माणसात काय आहे ते मला आजवर दिसलेलं नाही.

झोप लागली नाही. पॅनलमुळे.

८ मार्च, शुक्रवार

ऑफिसात पोटदुखी सांगून रजा घेतली. अगदीच खोटं नाही.

जुनं लॉक ज्या बोल्टांवर बसवलं आहे त्यांना डोकंच नसतं. चोराने काढू नये म्हणून. मी चोर नसल्याने जास्त वेळ लागला. छिन्नी, हातोडी, अंगठा. अखेर निघालं. हा एवढासा तुकडा, आणि याच्यामुळे माझी बायको आठवडाभर दुसऱ्याच्या मागे बसली. वर्तमानपत्रावर ठेवलं आहे, रविवारी साडूंना दाखवीन.

आजही उशीर. आज गुडघा. दातांच्या दवाखान्यात गुडघे कसे फुटतात?

९ मार्च, शनिवार

नवं लॉक बसलं. चार स्क्रू उरले, पण घट्ट आहे. किल्ली फिरवली, हॉर्न वाजला. थांबेना. एवढा खणखणीत हॉर्न आमच्या स्कूटरचा कधीच नव्हता, हा एक फायदाच. एक वायर ओढल्यावर थांबला. आता किल्ली फिरते, गाडी चालू होत नाही, आणि हँडल डावीकडे अडकलं आहे. म्हणजे नव्वद टक्के काम झालं.

गॅलरीतून ही बघत होती. मग आत निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१० मार्च, रविवार

साडू आणि मेहुणी आले. साडूंनी खिशातून पितळी मासा काढून टेबलावर ठेवला. गेल्या रविवारी चपलांच्या कपाटावरून उचललेली ही किल्ली तुमची तर नाही ना, असं विचारलं. सोमवारी सकाळी त्यांच्या स्कूटरला लागेना, म्हणून त्यांनी घरातली दुसरी लावून बघितली आणि गाडी चालू झाली. विचारायचं राहून गेलं म्हणे.

हिने वर्तमानपत्रावरचं जुनं लॉक उचललं, ती किल्ली घातली आणि फिरवली.

टक.

लॉक चांगल्या प्रतीचं होतं, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही. साडूसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की त्या माणसाने हसावं.

मग ते बाह्या सरसावून खाली गेले. मी टॉर्च धरला. साडूभाऊ, जरा हात स्थिर ठेवा, असं म्हणाले. ठेवला. उरलेले चारही स्क्रू लागले. गाडी चालू झाली.

आणि ही येऊन बसली. मागे नाही, पुढे. सफाईने गेटपर्यंत जाऊन वळवून आणली. आठवडाभर संध्याकाळी दवाखान्यामागच्या मैदानात भाऊजींकडून शिकत होते, तुम्हाला चकित करायचं होतं, असं म्हणाली. झालो. तुमच्याकडेच शिकणार होते, पण तुम्ही कामात होतात, असंही म्हणाली.

उद्यापासून स्कूटर ती नेणार. जाताजाता मला ऑफिसला सोडेल. मागे जास्त हलायचं नाही, अशी ताकीद आहे.

नव्या लॉकच्या दोन्ही किल्ल्या तिच्या पर्समध्ये आहेत.