कुरवंड्याचं पाणी कुठं जातं

मंगळवार, ५ ऑगस्ट
मिळालं काम! पुण्याच्या एका शाळेच्या अनघा मॅडमचा फोन – सोमवारी भूगोलाचा वर्ग घेऊन येतो, इंद्रायणीचा उगम दाखवाल का? दाखवाल का म्हणे! आमच्या कुरवंड्यातच उगवते की बाई ती! एवढे दिवस पाव्हण्यांना नागफणीचा कडाच दाखवत होते, आता नदीसुद्धा!

बुधवार, ६ ऑगस्ट
चुलीपुढं आईला बसवून तालीम केली. लोणावळा, वलवण, कामशेत, देहू, आळंदी. तुळापूरला भीमेत. भीमा कृष्णेत. कृष्णा पार बंगालच्या उपसागरात!
आई म्हणाली, "आळंदीवरनं जाती व्हय? मंग आपल्या उम्याच्या दारावरनंच की."
माझी गाडी तिथंच अडली.
उमेश, माझा धाकटा भाऊ. झऱ्याकडंचा जमिनीचा तुकडा बंगलेवाल्याला द्यायचं म्हणत होता. मी सही दिली नाही. झरा विकायचा? जीव गेला तरी नाही! शिमग्यात भांडून गेला. आळंदीला दोस्ताकडं जातो म्हणाला. तेव्हापासून ना फोन, ना निरोप. मी तरी का करू? मोठी आहे मी.

शनिवार, ९ ऑगस्ट
नारळी पुनव. आमच्यात आधी नदीला नारळ, मगच घरात नारळीभात. या खेपेला नारळाला राखी बांधली. आईनं बघितलं, वर हळदकुंकू लावलं. पाण्यात सोडताना म्हटलं, जा बाई, आळंदीला. उम्या दिसला तर थांब.
रडू आलं. आलं तर आलं!

सोमवार, ११ ऑगस्ट
काय दिवस गेला! पोरांनी प्रश्नांनी पार पिदडलं मला. कुरवंडे घाटानं कोकणातला माल बैलांच्या पाठीवर वर यायचा, कार्ल्याची लेणी या नदीच्याच खोऱ्यात – सगळं सांगितलं. भरात येऊन राखीचंही सांगून बसले.
अनघा मॅडम हसल्या. "रंजनाताई, ती आळंदीला कशी जाईल? वाटेत वलवणचं धरण आहे ना! सांडव्यावरून सुटेल तेवढंच पाणी तिकडं. बाकीचं पाइपातून घाट उतरतं, खोपोलीत वीज करतं. तिथून पाताळगंगा, मग अरबी समुद्र. शंभर वर्षं होऊन गेली."
मी गारच! धरण जन्मापासून बघते. घाटातले ते दांडगे पाइपही बघते. दोन्ही कधी जोडलेच नाहीत! अगं बाई, एक नदी आणि दोन समुद्र! पोरांपेक्षा मीच जास्त नाचले.
घरी आल्यावर मग ध्यानात आलं. राखी गेली कोकणात. आईला सांगितलं नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट
उम्याचा फोन! "आक्का, राखी न्हाई धाडलीस?"
म्हटलं, "धाडली की. नदीतनं, आळंदीला."
"मी कुटं आळंदीत? तितं न्हाई जमलं. चार महिनं झालं, खोपोलीत कामाला हाय. लाज वाटत हुती सांगायला."
खोपोली! नागफणीवरून रोज बोट करून पाव्हण्यांना दाखवते ती खोपोली!
फोन कानाला धरूनच अंगणात धावले, नागफणीकडं बघत राहिले. तो म्हणाला, "आक्का, रागावलीस?"
म्हटलं, "न्हाई रे येड्या. बरोबर गेली राखी."