पानाला डाग नको

३ मार्च

चि. ठमीस दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि., तुझा बाइंडर भाऊ सध्या हवेत आहे. मोठ्या वाचनालयानं शंभर वर्षांचा नकाशासंग्रह नव्यानं बांधायला माझ्याकडे दिलाय. अठ्ठेचाळीस नकाशे, कातडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. प्रदर्शनात काचेखाली ठेवणार आहेत. मी सुरीला धार लावताना गातो आणि तुझी वहिनी कानावर हात ठेवून फिरते.

एक गोष्ट आपल्या दोघांतच ठेव. रक्त पातळ करायच्या गोळीमुळे बोटाला जरा सुरी लागली तरी रक्त थांबत नाही. या पानांवर डाग पडला तर तोंड कुठे लपवू? म्हणून कापाकापी चालू आहे तोवर गोळी बंद. आठ दिवस झाले, काही बिघडलं नाही. काल तेवढा खळीचा ब्रश उजव्या हातातून दोनदा पडला, दहा मिनिटं बोटं ऐकेनात. अवघडली असतील.

तुझा फुशारलेला,
दादा

५ मार्च

ति. दादास सा. न. वि. वि.

पत्र उभ्या उभ्या वाचलं. कामात तू फोन उचलत नाहीस, म्हणून वहिनीला लावला. ती तुला घेऊन दवाखान्यात निघालीय. तिचा फोन येईपर्यंत लिहीत बसलेय.

आपल्या दोघांच्या हृदयाचे स्नायू सारखेच जाड, डॉक्टरही एकच. त्यांनी समोर बसवून सांगितलं होतं की या आजारात ठोके चुकायला लागले की हृदयात रक्त साकळतं, आणि ती गाठ मेंदूत गेली की पक्षाघात. तू मान डोलावलीस आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचत बसलास. अरे शहाण्या, बोटं अवघडली नव्हती, तो इशारा होता. इतकी चिडलेय की रडू येतंय.

फोनला कान लावून बसलेली,
ठमी

२४ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

नकाशे बांधून झाले! मेंदूत बारीकशी खूण निघाली, आणि हृदयात आणखी एक गाठ, सुटायच्या बेतात असलेली. डॉक्टरांनी माझी हजामत केली. आता गोळी रोज, तुझी वहिनी समोर उभी राहून देते.

खरी बातमी पुढेच आहे. सुरी आता तिच्या हातात आहे. चौतीस वर्षं शेजारी बसून तिनं पानं शिवली, सुरी मी कधी दिली नाही. तिचा काप माझ्याहून सरळ निघाला. वाचनालयाचे साहेब माझी पाठ थोपटायला लागले, तेव्हा मी तिलाच पुढे केलं. जळफळाटही होतोय आणि छातीही फुगलीय.

तुझा फोन एक दिवस उशिरा आला असता, तर हे पत्र तिला लिहावं लागलं असतं. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे, उजव्या हाताचं.

माया राहू दे, आणि अशीच रागावत जा.

तुझा,
दादा