दुरून दिसणारा माणूस

१ फेब्रुवारी, शनिवार. दिवेलागणीला.

आजही गाडीवर एकटाच. मागची सीट रिकामी असली की मोटरसायकल हलकी पळते, पण उजव्या खांद्याला काहीतरी चुकल्यासारखे होते. लग्न झाल्यापासून रुख्मिणीचा हात तिथे असायचा.

संक्रांतीनंतर मंगरूळपीरहून येताना फाट्यावर पिकअपने आम्हाला धक्का दिला. मी नालीत गवतावर पडलो. ती डांबरावर. मनगटात प्लेट टाकावी लागली. तेव्हापासून ती माझ्या मागे बसत नाही.

या प्रकरणावर पुष्कळ चिंतन केले. पिकअपवाला चार लोकांसमोर म्हणाला होता की काका मला दिसलेच नाहीत. मूळ कारण हेच. मी दिसलो नाही. त्या वेळी मी फाट्यावरच्या मारुतीला हात जोडत होतो, म्हणजे मन अगदी शांत होते.

रुख्मिणीचे म्हणणे वेगळे आहे. तिच्या मते मी दोन्ही हात सोडतो. पण नमस्कार एका हाताने केला तर तो सलाम होतो. देवाला कोणी सलाम करते का?

रामनवमीला पोहरादेवीच्या जगदंबेला जायचे आहे. आमच्या लेकीला, वैष्णवीला, बाळ झाले तर जोडीने ओटी भरीन, असे रुख्मिणी बोलली होती. नातू झाला. आता जोडीने म्हणजे एका गाडीवर, असा माझा अर्थ. तोपर्यंत तिला मागे बसवायचेच.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

भाऊसिंगच्या हेल्मेटच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, माझे काळे हेल्मेट आणि कॉफी कलरचे स्वेटर संध्याकाळी डांबरात मिसळून जाते. पटले. पांढरे हेल्मेट घेतले. पोपटी जॅकेट घेतले, त्यावर चांदीसारखे पट्टे. लाइट पडला की पेटतात.

येताना रस्त्याचे काम चालू होते तिथे टिप्परवाला थांबला आणि गिट्टी कुठे टाकू म्हणून त्याने मला विचारले. नाही कसे म्हणायचे. एक जागा दाखवली.

रुख्मिणीने जॅकेट पाहिले. हायवेवर कामाला लागलात का, एवढेच विचारले आणि भाकरी थापत राहिली. एका हाताने.

९ फेब्रुवारी, रविवार.

ठराव: यापुढे फक्त मोठ्या देवस्थानांना हात जोडायचे. गावापासून मंगरूळपीरपर्यंत मारुती, महादेव, लिंबाखालची मरीमाय, पुढे दर्गा. यांत लहान कोण?

१० फेब्रुवारी, सोमवार.

ठराव रद्द. मरीमायला टाळून पुढे गेलो आणि रस्ताभर मागेच वळून पाहत राहिलो. येताना थांबून माफी मागायचे ठरवले होते, पण उशीर झाला होता. चालत्या गाडीवरूनच मागितली.

१६ फेब्रुवारी, रविवार.

दोन्ही बाह्यांवर, बुटांच्या टाचेवर आणि हेल्मेटच्या मागे रेडियम चिकटवले. जगदेव आला होता. हा रुख्मिणीचा धाकटा भाऊ. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"भाऊजी, तुमी तं ट्रॅक्टरची ट्रॉली झाले ना बाप्पा. मागं नंबर तेवढा टाकून घ्या."

मी हसलो. शहाण्याने अशा वेळी हसावे.

नंतर रुख्मिणी दवाखान्यात ड्रेसिंगला गेली. जगदेवच्या गाडीवर. त्याने काळा शर्ट, काळी पँट घातली होती. हेल्मेट काळे, गाडी काळी. रेडियमचा एक तुकडा नाही. तरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसली. मी दारात उभा होतो. चमकत होतो.

दुपारी जेवलो नाही. उपास समजावा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

कंपनीच्या वस्तूंना मर्यादा असते, हे लक्षात आले. तांड्यावर हिरीबाई आहेत. त्यांच्या जुन्या ओढणीवरचे आरसे मी लहानपणापासून पाहतो. त्या नदीच्या पलीकडून येत असल्या तरी इकडे कळायचे. त्यांना जॅकेटच्या पाठीवर आणि छातीवर आरसे लावून मागितले. त्यांनी आधी जॅकेटकडे, मग माझ्याकडे पाहिले. घरी सगळे बरे आहे ना, असे विचारले. मी हो म्हणालो. लावून देतील.

३ मार्च, सोमवार.

आरसे अत्यंत यशस्वी. सकाळी निघालो, ऊन समोरून होते. वळणावर लखीरामची गुरांच्या कुटाराने भरलेली बैलगाडी येत होती. बैलांच्या डोळ्यांवर उजेड गेला. बैल शेताच्या धुऱ्यावरून थेट हरभऱ्यात. कुटार नालीत. लखीराम जे बोलला ते या वहीत लिहिण्यासारखे नाही.

कुटार भरून द्यायला दुपार झाली. पण मुद्दा सिद्ध झाला. मुक्या जनावरालाही मी दिसलो.

रुख्मिणीला हे सांगितले. ती उठून तुळशीला पाणी घालायला गेली. सकाळी घातले होते.

११ मार्च, मंगळवार.

हेल्मेटवर लाल उघडझाप करणारा दिवा लावला. मंगरूळपीरच्या बाजारात एक म्हातारी रस्ता सोडून बाजूला झाली आणि मला हात जोडले. तिला अॅम्ब्युलन्स वाटली असावी. मी तिला हात जोडले.

रामनवमी जवळ येत आहे. घरात बोलणे कमी झाले आहे. ती ताट वाढते, मी जेवतो. पूर्वी गाडीवर ती मागून सगळे बोलायची. कोणाची सून कशी, कोणाच्या शेतात काय पेरले. वारा असला की अर्धे ऐकू यायचे, तरी मी हो म्हणायचो. आता पूर्ण शांतता आहे आणि हो म्हणायला काही नाही.

जगदंबे, तिला काय पाहिजे ते मला कळू दे.

१६ मार्च, रविवार.

सरळ विचारले. म्हणालो, अजून काय लावू अंगावर? तिने चुलीतले लाकूड मागे ओढले.

"मले तुमचं जाकीट नाई दिसत. तुमचे हात दिसते. ते हँडलवर ठेवा, मंग मी बसली समजा."

एवढे सोपे होते. जगदंबेने ऐकले.

२१ मार्च, शुक्रवार.

आज चाचणी. फाट्यापर्यंत जाऊन यायचे. ती बसली. खांद्यावर हात आला. मला रडू येईल असे वाटले, पण हेल्मेटची काच लावली होती.

थोड्या वेळाने ती बोलू लागली. जगदेवच्या घरी कुलर आला म्हणे. मी हो म्हणालो.

मारुती आला. मी हँडल घट्ट धरले. दोन्ही हात जागच्या जागी, देव साक्षी आहे. फक्त मान लववली आणि डोळे मिटले. हात जोडायचे नाहीत म्हटल्यावर भक्ती कुठून तरी व्हायलाच पाहिजे. रोजच्यापेक्षा थोडी जास्त झाली, कारण मागच्या पाच दिवसांचे आभार मानायचे होते.

उघडले तेव्हा आम्ही डांबर सोडून तुरीच्या कुंपणाशी होतो. पडलो नाही. हे मी तिला मुद्दाम दाखवून दिले. ती उतरली, पदर कमरेला खोचला आणि चालत घरी गेली. मी तिच्यामागे पहिल्या गियरमध्ये, दिवा चालू ठेवून.

अट हातांची होती. डोळ्यांची नव्हती.

५ एप्रिल, शनिवार.

उद्या ती एसटीने जाणार, शेजारच्या बेबीताईसोबत. मी गाडीने. देवीच्या दारात भेटायचे. जोडी दारात झाली तरी चालते, असे ती म्हणते.

माझा बेत पक्का आहे. एसटीच्या पुढे राहायचे. खिडकीतून सगळा रस्ता तिला दिसेल की मी किती व्यवस्थित चालवतो. येताना ती स्वतःहून गाडीवर बसेल. जॅकेट धुऊन घेतले. आरसे राखेने पुसले.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी. घरी आल्यावर.

सकाळी बेताप्रमाणे एसटीच्या पुढे राहिलो. रस्त्याने पालख्या, झेंडे, पायी जाणारे लोक. पोहरादेवी जवळ आली तशी दर थोड्या अंतरावर कुठे ना कुठे फोटो, पादुका, छोटे देऊळ. मी कोणाला टाळले नाही. मागून एसटी बराच वेळ हॉर्न वाजवत होती. वाटले, ड्रायव्हर ओळखीचा असेल.

मंदिराजवळ बेबीताई माझ्याकडे पाहत नव्हत्या. रुख्मिणी माझ्याकडेच पाहत होती.

"साऱ्या एसटीनं पाह्यलं तुमाले. बायका उठून उठून पाहत होत्या. इतके चमकून राह्यले होते, नजर दुसरीकडे जातच नोती. हात जोडेल, डोये मिटेल, अन् गाडी आपली चालून राह्यली. एक बाई मले म्हणे, कोन आहे वो हा? मी काय सांगू?"

मी विचारले, मग काय सांगितले.

"सांगतलं, माह्या मालक आहे. मंग तिनं माह्या हात धरून ठेवला, तुमी वळणाच्या पलीकडे जायपरेंत."

रांग पुढे सरकली. गाभाऱ्याजवळ आल्यावर तिने गाडीची चावी मागितली. आवाज मऊ होता. मला वाटले, पावली देवी. दिली.

तिने खण उलगडला. त्यात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. वर चावी ठेवली. माझा हात धरून ओटीला लावला, म्हणजे जोडीने झाले, आणि ओटी पुजाऱ्याच्या हातात दिली. त्याने न पाहता देवीच्या पायाशी ठेवली. मागून लोक ढकलत होते.

देवीला वाहिलेले परत मागता येत नाही. हे मला कोणी शिकवायला नको. रुख्मिणीला तर हे पक्के माहीत होते की मला माहीत आहे.

बाहेर आल्यावर कळले की दुसरी चावी जगदेवकडे आहे. तो उद्या येऊन गाडी घेऊन जाणार. स्वतःच्या घरी. हे पाडव्यालाच ठरले होते.

एसटीने परत आलो. जॅकेट अंगावरच होते. दोघा प्रवाशांनी मला कंट्रोलर समजून पुढच्या गाडीची वेळ विचारली. रुख्मिणी खिडकीशी, मी शेजारी. ती बोलत होती, कुलरचे राहिलेले. वारा असूनही सगळे ऐकू येत होते.

आमच्या फाट्यावरचा मारुती आला. मी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. रोजच्याइतकेच, जास्त नाही. उघडले तेव्हा मारुती गेला होता, फाट्यापुढचे वळण गेले होते, पूल गेला होता आणि आमचा फाटा केव्हाच मागे पडला होता. चालत यावे लागले.

एसटीवाले फार बेजबाबदार चालवतात. आगारात अर्ज देणार आहे.